भिंतीचं सांगू का दिव्याचं?

आधी वास आठवतो. मोठ्या पातेल्यात रटरटणाऱ्या खिचडीचा, हळदीचा, ओल्या सरपणाच्या धुराचा. आणि या सगळ्यांच्या खाली, जमिनीलगत, आणखी एक वास होता. थंड आणि जुना. रिकाम्या माठात तोंड घातल्यावर येतो तसा. माझ्या फॉर्मवर ‘वास’ असा एक रकाना असतो. त्या दिवशी मी त्यात एकच शब्द लिहिला : खिचडी.

समोर हिराबाई बसल्या होत्या. एका संस्थेच्या बालवाडीत त्या मदतनीस आहेत. मुलांना घरोघरून गोळा करायचं, हात धुवायचे, खिचडी रांधायची, जेवल्यावर निजवायचं, हे त्यांचं काम. पाडा टोकावड्याच्या पलीकडे, मुरबाड–माळशेज रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. बालवाडी त्या वेळी एका घराच्या पडवीत भरत होती, कारण शेजारची तिची मूळ खोली पडली होती. ती पडणार हे हिराबाईंना आधी कळलं होतं, असा बोलबाला होता. आकाशातल्या दिव्याने त्यांना तसं सांगितलं होतं म्हणे.

अंगणात तीन माणसं नारळ घेऊन बसली होती.

“म्याडम, जरा थांबा हां,” म्हणून हिराबाई डाव हातात धरूनच पडवीच्या कडेला गेल्या. “काय रे गोमाआबा, तू परत?”

“म्हस नाय सापडत गो. तुला दिसतंय तर बघ ना.”

“तुजी म्हस रोज फाट्यावरच्या धाब्यामागं जाते, उष्टं खायला. जा, हाक मार.”

आबा गेले. अर्ध्या तासाने म्हैस घेऊन परतले आणि अंगणातल्या दोघांना म्हणाले, “बघा. जाग्यावर बसून सांगितलन.” रांगेत आणखी एकजण वाढला. हिराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, त्याला हळद लागली.

माझं काम विलक्षण अनुभवांची नोंद करण्याचं आहे. आकाशात दिसलेले अनोळखी दिवे, घडण्याआधीच कळलेल्या गोष्टी, दूर असलेल्या माणसाची अचानक कानी आलेली हाक. एका अभ्यासप्रकल्पासाठी मी शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत फिरते. राहते शहापूरला. या विषयाकडे पाहण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एक विचारते, आकाशात नेमकं काय होतं? दुसरी विचारते, पाहणाऱ्याच्या बाबतीत काय घडलं? पहिलीला नकाशे, वेळा आणि कोन लागतात. ती बाजू आमचे प्रकल्पप्रमुख कर्णिक सर सांभाळतात. दुसरीला माणसाशेजारी बसावं लागतं. ती माझ्याकडे. मी मुळात कवितेची विद्यार्थिनी, मानसशास्त्राकडे उशिरा आले. माणूस कोणत्या शब्दाशी थांबतो, याकडे कान देण्याची सवय मात्र तिकडूनच आलेली.

या खेपेला आमंत्रण संस्थेकडून होतं. पर्यवेक्षिका कांचनताईंनी फोन केला होता. कांचनताई शहापूरच्या कार्यालयातून अकरा बालवाड्या बघतात, स्कूटरवरून, कंबरेला पट्टा बांधून.

“मॅडम, आमची बाई कामाला वाघीण आहे. पण आता लोक तिला कौल मागायला येतात. बालवाडीत नारळ फुटतात. आमच्या कमिटीने विचारलंय, असं दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या बाईच्या हाती मुलं द्यावीत का? आठ दिवसांत तुमचं पत्र हवं. तिला ठेवायचं की नाही ते त्यावर ठरेल.”

“मी कुणाला खरं-खोटं ठरवत नाही हो कांचनताई.”

“मग काय करता?”

“ऐकते.”

“ऐका आणि लिहून द्या.”

म्हणून मी आले होते. रेकॉर्डर सुरू केला आणि ऐकलं. हकिगत अशी होती. आषाढात आठवडाभर कोसळून पावसाने एका संध्याकाळी उघडीप दिली. हिराबाई आणि त्यांच्या जाऊबाई आवणीवर, म्हणजे भाताच्या लावणीवर होत्या. सूर्य बुडाला होता, उजेड उरला होता. शेवटची जुडी लावायची राहिली होती. तेव्हा दिव्यांची एक माळ आवाज न करता सरकत गेली. दोघींनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, “दिवा बोलला, पोरांना त्या खोलीतून काढा.” त्याच दिवशी मुलं पडवीत आली. तिसऱ्या दुपारी, मुलांच्या निजायच्या वेळेला, खोलीची मागची भिंत बसली आणि तिच्याबरोबर वासे आणि कौलंही खाली आली.

मी फॉर्म भरत गेले. किती दिवे? “मोजायला वेळ व्हता काय?” रंग? “चांदीचा, नवा.” दिशा?

“खाली,” हिराबाई म्हणाल्या.

मी ‘खाली’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

त्या संध्याकाळी मी नोंदी कर्णिक सरांना पाठवल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“दिव्याचं कोडं सुटलं. नुकतेच सोडलेले उपग्रह होते. सुरुवातीचे काही दिवस ते एकामागोमाग एक असे रांगेत जातात, सूर्यास्तानंतर थोडा वेळ चमकतात. वेळ जुळते. पण दिशा ‘खाली’ काय लिहिलीय?”

“त्या वाकून आवणी करत होत्या, सर. खाचरातल्या पाण्यात दिसला असेल.”

“असो. तर दिवा गेला. पण पूर्वसूचना उरली! दिव्याचा आणि भिंतीचा काडीचा संबंध नाही, तरी हिला तिसऱ्या दिवशीचं कळलं. असं उदाहरण वर्षानुवर्षं मिळत नाही. पुढच्या परिसंवादात हेच मांडू. तू ट्रान्सक्रिप्ट कर.”

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं शब्द न् शब्द कागदावर उतरवणं, खोकल्यासकट. कंटाळवाणं काम, पण त्यात स्वतःची कानउघाडणी होते. घटना घडून गेल्यावर आठवण आपली पावलं पुन्हा नीट मांडून ठेवते, आणि विचारणारा जिकडे बोट दाखवेल तिकडे ती जाते. म्हणून आमच्या धंद्यात सूचक प्रश्न वर्ज्य. ‘दिवा गोल होता का?’ असं विचारायचं नाही. विद्यार्थ्यांना हे मी अनेक वर्षं शिकवलं.

शहापुरातल्या माझ्या खोलीत, खिडकीखाली बाजाराची गडबड चालू असताना, मी हेडफोन लावून पहिलं मिनिट ऐकलं. पातेल्याची रटरट. एका मुलीचं हसू. मग हिराबाईंचा आवाज, अगदी पहिला :

“भिंतीचं सांगू का दिव्याचं?”

आणि लगेच माझा, गोड आणि घाईचा :

“दिव्याचं सांगा ना.”

मी टेप मागे नेऊन तीनदा ऐकला. तीनदा मी तेच म्हणाले.

बाईने दोन दारं उघडून दिली होती. एक मीच लावून घेतलं होतं, कारण माझ्या फॉर्मच्या पहिल्या ओळीत दिवा छापलेला होता. त्यानंतर दीड तास मी अत्यंत शास्त्रशुद्ध प्रश्न विचारले, आणि सगळे चुकीच्या दारातून.

पत्राला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची एसटी पकडली, तिथून टोकावडे, पुढे चालत. हिराबाई तांदूळ निवडत होत्या.

“परत? काय राह्यलं का लिवायचं?”

“भिंतीचं राहिलं.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बऱ्याच उशिरा, पण एकदाची घरी पोचले होते.

“चला मंग.”

पडलेल्या खोलीच्या तीन भिंती अजून उभ्या होत्या. कच्च्या विटांच्या, वर मातीचा गिलावा. कौलांचा खच पडलेला. हिराबाईंनी पदर खोचला आणि माझा हात मनगटाला धरून भिंतीवर ठेवला, छातीच्या उंचीवर.

“काय लागतं?”

“खरखरीत. कोरडी आहे.”

हात खाली नेला, गुडघ्याच्या पातळीवर. “आता?”

थंड. तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखी, घाम येऊन गार पडलेली. अंगठा दाबला तर ठसा राहिला. मी खाली वाकले तेव्हा तो वास आला. माठाचा. पडवीत खिचडीखाली दबलेला, मी फॉर्मवर न लिहिलेला.

“वल पोटरीपातूर आसंल तर भिंत पावसाळा काढते,” हिराबाई म्हणाल्या. “गुडघ्याच्या वर गेली का बसते. माज्या आयशीनं शिकवलान. आमी उभा जन्म भिंतीच लिंपल्या, दुसऱ्यांच्या न् आपल्या. रोज पोरांचे हात धुताना मी हिला हात लावीत व्हती. वल चढत व्हती. एक दिस भातात माती पडली. मंग उंदरानं बीळ सोडलान.”

“कुणाला सांगितलंत?”

“कांचनताईला. तीन डाव. त्यांनी लिवून घेतला, म्हनल्या पावसाळा सरूं दे. चुकी नाय त्यांची, त्यांना काय एकच भिंत हाय? मंग पाड्यातल्या बापयांना सांगितला. ते म्हनले, तुला लय कळतं.”

त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं. तांदळाचा एक दाणा पदराला चिकटला होता, तो काढून तोंडात टाकला.

“ते टेप चालू हाय?”

मी रेकॉर्डर बंद करून त्यांच्या हातात दिला.

“मंग त्या सांजेला माळ दिसली. खरीच दिसली हां, जाऊला इचारा. आन् माज्या मनात आलं, भिंतीचं कोन ऐकंना, ह्याचं ऐकतील. सकाळी सांगितली, दिवा बोलला. घंट्याभरात समदी पोरां बाहेर.”

“दिवा बोलला नव्हता?”

“दिवा कशाला बोलंल? त्याला काय आमची भिंत म्हाईत?” त्या हसल्या, आणि हसू ओठांवरच विझलं. “लबाडी झाली ना पन. पोरां माज्या हातचं खातात, म्याडम. मी खोटी हाय आसं कळलं तं खोट्या हातचं कोन खाऊ देईल?”

रेकॉर्डर बंद असताना सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या मालकीची राहते, हा आमच्या कामातला अलिखित नियम आहे. मी तो आजवर मोडलेला नाही. पण पत्र तर लिहायचं होतं. दिवा बोलला असं लिहिलं तर कमिटी त्यांना काढणार. दिवा म्हणजे उपग्रह एवढंच लिहिलं तर त्या पाड्यात लबाड ठरणार. आणि गप्प बसले तर कर्णिक सर त्यांना परिसंवादात पूर्वसूचनेचा दाखला म्हणून उभं करणार. मी हे सगळं त्यांना सांगितलं, जसंच्या तसं. पडलेल्या कौलांवर बसून.

त्यांनी शेजारचं एक अख्खं कौल उचलून बाजूला ठेवलं. समोरच्या खाचरात एक बगळा पाऊल उचलून तसाच उभा होता.

“तुमी काय नका लिवू,” शेवटी म्हणाल्या. “शुक्करवारी ताईंची मिटिंग हाय. मीच सांगन. तुमी फकस्त बाजूला बसा.”

शुक्रवारी पडवीत चौदा बाया होत्या. कांचनताईंनी स्कूटर लावली, रजिस्टर उघडलं. मी हिराबाईंच्या डाव्या हाताला बसले. त्यांचा हात चटईची कड उसवत होता.

“मला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “दिवा बोलला नाय. मी बोलली. मला वल दिसली व्हती, दिव्याचं नाव मी लावलान.”

कांचनताईंचं पेन थांबलं. चुलीतलं एक लाकूड सरकलं. मी बायांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते आणि मला खरीखुरी भीती वाटत होती.

मागून ठमाआजी बोलल्या. त्यांची दोन नातवंडं बालवाडीत आहेत.

“झालं सांगून?”

“व्हय.”

“मंग भात बघ, लागंल खाली. आमाला म्हाईत व्हतं ते.”

“काय म्हाईत व्हतं?”

“आगो, दिवा काय आपल्या पाड्याची भाषा बोलंल? तू सांगितलीस तवाच कळलं. भिंतीला काय तूच हात लावतेस? मी रोज पोरांना सोडाया येते, मला नाक नाय? पन सुनंनं सांगितलं का भिंत वली हाय, तर तिचा घोव म्हनतो, तुला काम नको. दिवा बोलला म्हनल्यावर त्याच घोवानं पोर उचलून आनलान. धावत!”

एक तरुण आई पदराआड फिसकन हसली. मग दुसरी. जाऊबाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी तर नारळ पन फोडलान.” मग मात्र कुणाला आवरेना. चौदाच्या चौदा. हिराबाई तोंड उघडं टाकून सगळ्यांकडे पाहत राहिल्या.

“म्हंजे तुमी समद्या... मला कोन बोललं नाय!”

“बोलाया कशाला पायजे?” ठमाआजी म्हणाल्या.

मी कितीतरी वर्षं साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर व्याख्यानं दिली आहेत. एक बाई एक गोष्ट सांगते, चौदाजणी ती जाणूनबुजून मान्य करतात, एकमेकींशी चकार शब्द न बोलता, आणि सोळा मुलं वाचतात. याला कोणतं नाव द्यायचं हे मला आजही ठाऊक नाही. टेलिपॅथी, म्हणजे न बोलता मनातलं मनाला कळणं, हा आमच्या वर्गीकरणातला एक प्रकार आहे. तो शब्द मला त्या पडवीत क्षणभर फार जवळचा वाटला. मग लक्षात आलं, या बाया एकाच विहिरीवर पाणी भरतात.

कांचनताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसला.

“हिराबाई, मला तुम्ही तीनदा सांगितलं होतंत.”

“व्हय ताई.”

“तिन्ही वेळा मी लिहून घेतलं.”

“व्हय. अक्षर बेश हाय तुमचं,” ठमाआजींनी मागून सांगितलं.

हसू पुन्हा फुटलं, पण कांचनताई हसल्या नाहीत. रजिस्टरची मागची पानं उलटून त्यांनी त्या तीन नोंदी स्वतःच सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. तारखांसकट. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या बाईबद्दल त्या दिवसापासून फार आदर आहे.

पुढचं थोडक्यात. पत्र मी लिहिलं, चार ओळींचं. ‘सदर मदतनीस यांना भिंतीतल्या ओलीचं उत्तम ज्ञान आहे. त्या सांगतील ते लगेच ऐकावं.’ कमिटीने त्यांना कामावर ठेवलं. नवी खोली मिळेपर्यंत बालवाडी पडवीतच भरली. आता पावसाळ्यापूर्वी कांचनताई हिराबाईंना स्कूटरवर मागे बसवून अकराही बालवाड्यांच्या भिंतींवर हात ठेवायला नेतात. नारळवाले मात्र एकदम थांबले नाहीत. दिवा बोलला नव्हता हे गोमाआबांना स्वतः हिराबाईंनी समजावलं. आबा म्हणाले, “आसंल. पन म्हस सापडली व्हती.”

कर्णिक सरांना मी हिराबाईंच्या परवानगीने सगळं कळवलं. ते थोडे रुसले.

“म्हणजे पूर्वसूचनाही गेली. मग या केसला कोड काय द्यायचा?” कोड म्हणजे अनुभवाच्या प्रकाराला आम्ही देतो तो क्रमांक, पुढे वर्गवारी करता यावी म्हणून.

“यादीत नाही, सर.”

“मग ‘इतर’मध्ये टाक.”

“टाकते. पण फॉर्म बदलायचा आहे. पहिला प्रश्न कोरा ठेवू. कुठून सुरू करायचं ते सांगणाऱ्याने ठरवायचं.”

“त्याने वेळ वाढेल.”

“वाढू दे.”

फॉर्म बदलला. वेळ खरंच वाढतो, दर मुलाखतीला सरासरी अर्धा तास. लोक बैलाच्या दुखण्यापासून सुरू करतात. दिवा कधीकधी शेवटच्या पाच मिनिटांत येतो, कधी येतच नाही. या कामातून मी शिकले ते इतकंच : आकाशाबद्दल विचारायचं असलं तरी आधी भिंतीला हात लावून यावं.

त्या शुक्रवारी निघताना हिराबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. एसटीला वेळ होता. माझ्या पिशवीत त्यांनी रानातली करटुली भरून दिली होती, त्यांचा हिरवा, किंचित कडू वास येत होता. मला एकाएकी जाणवलं की या दिव्याने मुलं हलवली, म्हैस शोधली, सरांना खूश केलं आणि नाराजही केलं. मी त्याचे कोन, रंग, वेळ सगळं विचारलं. एक साधी गोष्ट तेवढी कुणी विचारली नव्हती.

“हिराबाई, तुम्ही चिखलात उभ्या होतात, हातात रोपं, आणि पाण्यातून ती माळ चालत गेली. कशी वाटली हो?”

त्यांनी डोंगराकडे पाहिलं. एसटी वळणावर दिसू लागली होती. त्यांचा चेहरा हळूहळू, अगदी लहान मुलीसारखा, उजळत गेला.

“ग्वाड.”